दोन बोटांची फट

नाव आली नाही, नुसता ट्रेलर आला
हिंगण्याच्या एमआयडीसीत, माझ्या शेडपुढं,
छोट्या हत्तीच्या मागं लंगडत.
एका मडगार्डावर निळा रंग घासलेला.
तो नावेचा, पुष्पकला मारबते म्हणाली,
दर खेपेला थोडाथोडा देते ती.

मी ट्रॉल्या बनवतो. विटांच्या, संत्र्यांच्या, सिलिंडरच्या.
संत्र्याला सांगावं लागत नाही कुठं बसायचं.
नावेचं मला काही ठाऊक नव्हतं.

तिनं चपलेच्या टोकानं धुळीत काढून दाखवलं:
हा उतार, हे पाणी, हा वारा डावीकडून.
"ट्रेलर पाण्यात गेला का दिसतच नाही, भाऊ.
अंदाजानं वर घ्या लागते.
वारा ढकलते, अन् ते तिरपी होऊन बसते."
दोन तलावांचा ठेका, सोसायटीची नाव एक,
म्हणजे आठवड्यातून दोनदा हेच.

मग आजवर कसं करत होता?

"धनपाल उभा राहे ना.
कमरेइतक्या पाण्यात, हात असे पसरून.
त्याच्या दोन हातांच्या मधात आणली का झालं."
मी पुढचं विचारलं नाही.
तीच हसली:
"मिहानात लागला तो. गार्ड.
तिथं बी हातच करते दिवसभर गाड्याइले,
ये ये ये, बस."

मागच्या बाजूला दोन खांब उभे करायचे ठरले.
नौशादनं होल्डर उचलला, मी थांबवला.
जस्त चढवलेली फ्रेम आहे, जाळलीस तर धूर छातीत बसेल
आणि जळल्या जागी पहिला गंज.
यू-बोल्ट घे. छिद्रं लांबट पाड, खांब सरकले पाहिजेत.
काटकोनात वाकवलेला दीड इंची पाइप,
वरून पीव्हीसीची नळी,
नळीवर हिरव्या गालिच्याच्या पट्ट्या,
मंडपवाल्या बोकड्यांकडं फाटून पडला होता तो.
कुणाची तरी वरात गेली असेल त्याच्यावरून.

उंची किती?
तिनं माझ्याकडं पाहिलं, नौशादकडं पाहिलं,
मग स्वतःच्या भुवईवर हात आडवा धरला.
"त्याचा खांदा येते एवढ्यात."
टेप लावला. चार फूट सात.
बुडेल तेवढं धरून मी वर हातभर वाढवलं.

रुंदीला मात्र चुकलो.
कागदावर होतं पाच फूट दोन, मी दिलं पाच फूट दोन.
लोखंडाच्या धंद्यात सैल काम म्हणजे वाईट काम,
वडिलांनी कानफटात मारून शिकवलेलं.

रविवारी वेणेच्या धरणावर
नाव अर्ध्यात अडकली,
खिडकीच्या गजांत डोकं घातलेल्या पोरासारखी.
ना पुढं, ना मागं.
मी पँट वर करून पाण्यात, हातात सतराचा पाना.
एक नट निसटून तळाशी गेला, त्याला सोडून दिलं.
"दोन बोटं सोडा दोहीकडं," ती काठावरून म्हणाली.
"धनपाल बी तिले पकडत नव्हता.
हातच लावत नव्हता, खरं म्हणजे.
नुसता असे."

मी दोन बोटं घालून पाहिली. माझीच.
ग्रीस लागलेली, जाडी, पण चालली.

मग रिकामा ट्रेलर तिनं पुन्हा उतरवला.
चाकं गेली, मडगार्ड गेले, फ्रेम गेली,
पाण्यावर राहिले ते हिरवे दोन,
तळ्यात मंडप घालायला कुणी आलं
आणि खांब रोवून जेवायला गेलं, तसे.

वारा होता. नाव डाव्याला टेकली,
जराशी उजव्याला,
आणि विंचच्या सहाव्या की सातव्या फेऱ्याला
मधोमध येऊन बसली.
नौशादनं शिट्टी मारली. तिनं नाही.
तिनं पट्टा ओढून बघितला, मग पुन्हा ओढून बघितला.

बिलात मी लिहिलं: खांब, दोन नग.
पाइपांची तोंडं वरून उघडीच आहेत अजून,
टोप्या मिळाल्या नाहीत इतवारीत,
पावसाळ्याआधी बसवून देतो म्हटलं.
तिनं आरसा वळवला.
नाव आड आलेली, पण दोन्ही बाजूंना
हिरवं डोकं दिसत होतं.
गाडी मागं घेताना, कुणी ऐकत नाही असं समजून,
ती पुटपुटत होती,
ये, ये, ये.