पावणेसात इंच

मुजीबभाईच्या अयानचा पृथ्वीचा गोळा मागून आणला,
प्लास्टिकचा, खालून चेपलेला.
कात्री बाजूला सारून मशीनवर ठेवला
आणि गळ्यातला टेप काढून लावला.
हैदराबाद ते फ्रँकफुर्ट
पावणेसात इंच.

म्हणजे ब्लाऊजची बाही.
साधी, कोपराच्या वर राहणारी.
नर्सिंगच्या निरोपाला शिवलीलाला शिवलेली,
आमसुली रंगाची, तिची एवढीच होती.

वाटलं होतं टेप समुद्रावरून जाईल.
तो आपला वर सरकला,
इराण, काळा समुद्र, कुठले कुठले डोंगर.
गोल अंगावर जवळची वाट वाकडीच दिसते.
हे मला कुणी शिकवू नये,
तीस वर्षं काखेची गोलाई कापतोय.

तिकीटवाला पोरगा म्हणाला,
सात हजारच्या वर किलोमीटर, सव्वानऊ तास.
महानंदानं विचारलं, "म्हणजे मधी किती जेवणं?"
तो हसला. ती हसली नाही.
"दोन," म्हणाला मग, "आणि एक चहा."

उदगीर ते हैदराबाद कुणी मोजलं नाही.
गाडी कमलनगरला क्रॉसिंगला थांबली,
चाळीस मिनिटं.
शिवलीला उतरून बाटली भरून आली.
बॅग तेवीस किलो, वर पाव किलो तिळाची चटणी,
ती कुठं दडवायची यावर मायलेकींचं भांडण.
तेवढ्या वेळात विमान पाच-सहाशे किलोमीटर जातं म्हणे.
त्या दिवशी पहिल्यांदा
मी क्रॉसिंगला शिव्या दिल्या नाहीत.

कापडाला आतून दाब सोडावा लागतो.
दिसत नाही, पण अंग भरलं की तोच उसवायचा.
विमानाच्या वेळेला किती दाब सोडलाय
ते तिकिटावर छापत नाहीत.
जर्मन शिकायला लातूरला गेलेले चौदा महिने,
शिक्के, परत कागद, परत शिक्के,
काचेच्या दाराबाहेर पहाटेपर्यंत उभे आम्ही दोघं,
आत कोण दिसतंय म्हणून नाही,
गाडीच सकाळची होती.

ऑक्टोबर संपताना फोन आला.
"पप्पा, आज रात्री इथं घड्याळ तासभर मागं घेतात."
कोण घेतं?
"सगळेच."
काहून?
"उजेडासाठी म्हणे."

साडेतीनचे साडेचार झाले.
कुणी जागचं हललं नाही
आणि पोरगी तासभर लांब गेली.
मी गोळा परत मागून आणला. अयान वैतागला.
पावणेसात.

तिची ड्युटी सहाला सुटते,
आमच्याकडं आता साडेदहा.
महानंदा भाकरी टोपल्यात झाकून बसते.
खाऊन घे म्हणलं तर म्हणते,
"एकच जेवण राहिलंय मधी. ते मोडू नका."

फोन वाजतो. "काय करायलाव?"
"जेवून बसलाव," मी सांगतो
आणि महानंदा आवाज न करता
टोपल्यावरचं फडकं काढते.