शेष

मे महिना, अमरावती रोड, सत्तेचाळीस अंश.
कूलरच्या वाळ्याला पाणी मारून
गजभिये मॅडम उष्णतेचं समीकरण सोडवायच्या,
एका सळईचं, जिची दोन्ही टोकं बर्फात.

त्र्याऐंशी साली पंच कार्डांचा गठ्ठा
सायकलवरून सुटला, लू घेऊन गेली.
चारशे बारा सापडली. एक नाही.
चूक म्हणे त्याच कार्डात होती.
खरं-खोटं त्यांनाच ठाऊक.

जाळी अर्धी केली की चूक पावपट.
पुन्हा अर्धी. पुन्हा.
तीस वर्षं.

निरोपाला शाल दिली, भर मेमध्ये!
नारळ त्यांनी शिपाई रामटेकेंना देऊन टाकला.
मला कपाटाची किल्ली:
"शून्याची वाट नको पाहू बाप्पा,
किती उरलं
ते लिहीत जा."