परीक्षकाचा अभिप्राय

खैरखेडा. शाळेचं पटांगण. कोजागरीच्या दोन दिवस आधी.
विनोदी कवितांची स्पर्धा.
पहिलं बक्षीस पाच लिटरचा कुकर, दुसरं मच्छरदाणी,
तिसरं, सोसायटीकडून, दोन किलो तुरीची डाळ.
परीक्षक एकच : मी,
सेवानिवृत्त मुख्याध्यापक. चौतीस वर्षं लाल शाई.

गुण मीच वाटून दिले होते :
विनोदाला पन्नास, सादरीकरणाला वीस,
शुद्धलेखनाला तीस.
ग्रामसेवक तायडे म्हणाले, "पण गुरुजी,
तोंडानं म्हटलेल्या कवितेत वेलांटी दिसते कशी?"
म्हटलं, ज्याला दिसायची त्याला दिसते.
फलकावर रंगाऱ्यानं 'हास्यकवीता' लिहिलं होतं.
खडूनं दुरुस्त केलं.
ऑइल पेंटवर खडू काही टिकला नाही.

सोळा जण बोलून गेले.
नऊ कविता बायकोवर,
त्यातल्या चार बिनलग्नाच्या पोट्ट्यांच्या.
तीन होत्या सरपंचांवर,
त्या ऐनवेळी जावयावर झाल्या,
कारण कुकर सरपंचांचा.
सुखदेव भोयरची म्हैस
कडव्यामागून कडवं रवंथ करीत राहिली,
शेवटी लोकांनीच टाळ्या पिटून
तिला गोठ्यात नेऊन बांधली.

सतरावं नाव गोदावरी उईके.
शाळेत खिचडी रांधते. हात रिकामे.
"कविता लिहून आणली नाही?"
"नाई जी. लिहिलं का तुम्ही लाल करता."

आणि लाईन गेली.
माईक गेला, दिवा गेला, चांदणं ढगात गेलं.
माझं वय सहासष्ट. अंधार पडला
की काही कामं उद्यावर ढकलता येत नाहीत.
मी शाळेमागे, तुरीच्या धुऱ्यावर गेलो.

तिथे उभ्या उभ्या ऐकलं :
आधी बायांची रांग हसली,
मग तिच्यामागची,
मग भिंतीवर बसलेले पोट्टे,
ज्यांना एक शब्द पोचला नसणार,
मग रस्त्यापलीकडचा पानठेला,
जो स्पर्धेत नव्हताच.
हसू हातातल्या घमेल्यासारखं
या माणसाकडून त्या माणसाकडे सरकत
पार धुऱ्यापर्यंत आलं,
आणि मीही हसलो. कशाला, देव जाणे.

परत आलो तर लाईन आली.
सगळे माझ्याकडे पाहून गप्प झाले,
आणि पुन्हा हसले.
मी हळूच बटन चाचपलं. लागलेलं होतं.

मी न्यायी माणूस आहे.
विनोद : पन्नासपैकी पन्नास.
शुद्धलेखन : निरंक.
कुकर गोदावरीबाईंना.

पण कविता होती कोणती?
तायडे म्हणे, मी टॉर्च शोधत होतो.
जनार्दन न्हाव्याचा वस्तरा माझ्या गळ्याशी,
"आता नोका विचारू गुरुजी, हात हालन."
पोट्टे सायकलवरून जाता जाता ओरडतात, "दीर्घ!"
आणि वेशीपर्यंत पॅडल मारत सुटतात.

बायको पहिल्या रांगेत होती.
दोनदा सांगायला बसली, दोन्हीदा पदरात तोंड.
चौथ्या दिवशी, तांदूळ निवडताना, एवढंच निघालं :

"मिठाची चिठ्ठी धाडली,
तिची वेलांटी वाढली,
मीठ काई आलं नाई,
अळणी खिचडी काढली."

आठवलं.
वहीच्या अर्ध्या पानावर 'मिठ संपल'.
मी दोन गोल केले, एक वेलांटीला, एक अनुस्वाराला.
'पुन्हा लिहून आणा' म्हणून चिठ्ठी परत पाठवली.
तिनं पुन्हा लिहून आणली. शुद्ध होती.
बरोबरची खूण केली, फायलीला लावली.
मीठ पाठवायचं तेवढं राहिलं.

आज जेवताना भाजी सपक लागली.
म्हटलं, अगं, मीठ.
ती बरणी घेऊन उभी राहिली :
"ऱ्हस्व देऊ का दीर्घ?"

म्हटलं, आधी वाढ.
मग पाहू.