अनामत खाते

काल प्रत्येक किलोमीटरला भाव होता.
डॉक्टर प्रियोळकरांनी अकरा रुपये लावले होते,
काजूवाल्या तिळव्यांनी पाच,
आमच्या पतसंस्थेतल्या शिपायाने, पुंडलिकने, एक,
"पण शेवटापर्यंत गेलात तरच हां, कॅशियरसायब."
डिचोली ते वास्को, वळसे घेत ऐंशी किलोमीटर.
मागे रुग्णवाहिका, वाटेत सोललेली केळी, शाळकरी पोरांच्या टाळ्या,
आणि इस्पितळातल्या यंत्रासाठी
माझ्या नावावर तेराशे साठ जमा.

आज सोमवार. रजा टाकलीय.
कॅशियरने, मार्चात.
घर उत्तरेला; पहाटे साडेपाचला
मी चाक दक्षिणेला वळवलं.
फोनवर सुलक्षणा म्हणाली,
"काल झालं ना? आज आणखी कुणासाठी?"
वेर्ण्याच्या पठारावर वारा समोरून होता,
ऐकू आलं नाही म्हणालो.

हँडलला कालचा नंबर तसाच, दोनशे सतरा.
कॅरियरवर कालचा टीशर्ट वाळत घातलेला,
पाठीवर बँकेचं नाव, त्यावर मिठाचा नकाशा.
मडगावात सिग्नलला रिक्षातल्या पोराने विचारलं,
"अंकल, हेर खंय?"
बाकीचे?
बाकीचे आपापल्या ऑफिसात, मांड्या चोळत.

कुंकळ्ळीला चहा. बाळ्ळीला पंक्चर.
मग करमलचा घाट.
काजूची बोंडं पिकून पडलेली,
आंबूस गोड वास झाडांखाली साकळलेला.
मोटारवाल्यांना तो मिळत नाही,
ताशी सहाच्या वेगाने जाणाऱ्याला मिळतो,
तोही उतरून ढकलायची वेळ आली की.
तिसऱ्या वळणावर उतरलो.
काल उतरलो असतो तर पुंडलिकचे ऐंशी बुडाले असते.
आज काहीच बुडालं नाही.
ट्रक गेला, त्याच्यामागून त्याचा धूर गेला,
मी ढकलत राहिलो. हिशेब मात्र थांबेना.
अठ्ठावीस वर्षांची खोड:
चौपन्न, पंचावन्न, हे टाकायचे कुणाच्या नावावर?
ज्या रकमेचा धनी सापडत नाही
ती आम्ही अनामत खात्यात ठेवतो
आणि वर्षअखेरीला ऑडिटरच्या शिव्या खातो.

उतार लागला तेव्हा
दोन्ही ब्रेक धरून मी मोठ्याने हसत होतो.
का, ते विचारू नका. समोरून बस आली, गप्प झालो.

चावडीच्या पुढे पोदेर भेटला.
विजापूरकडचा, नाव मलकाप्पा.
टोपलीवर निळं प्लास्टिक, गिअर नाही,
मागच्या चाकात हवा कमी. पंप मागितला.
नंबर बघून म्हणाला, "शर्यतीचे किती दिले तुला?"
"मीच दिले. पाचशे. प्रवेश फी."
त्याने माझ्याकडे पाहिलं, मग चाकाकडे,
आणि हवा मारत राहिला.
सकाळी पंचवीस होतात म्हणाला, संध्याकाळी पंधरा,
पावसातसुद्धा.
मी मनात गुणाकार सुरू केला आणि
वर्षाच्या आकड्यापाशी सोडून दिला.
दोन पोई घेतल्या. पैसे त्याने चोख घेतले,
पंपाचं काही वजा न करता. बरं वाटलं.
भोंपू वाजवत तो माशेच्या वळणाआड गेला.

गालजीबागला सुरूच्या सावलीत सायकल आडवी केली.
वाळूत जाळीचं छोटं कुंपण, आत कासवाची अंडी,
फळीवर रंगाने: संख्या एकशे चार. घातली तारीख अमुक.
बाहेर पडली:
पुढची जागा कोरी.
किती वेळ ती कोरी जागा वाचत उभा होतो.

मीटर त्र्याऐंशी दाखवतो,
रस्त्याकडेचे दगड मोजले तर ऐंशी.
तिनाचा फरक.
एरवी रात्री नऊपर्यंत बसलो असतो, दिवा लावून.
पोई तोडली.
आतून अजून कोमट होती.