परदेशी प्रजाती : एक

शेफील्डमधल्या नीप्सेंडच्या सव्वासात एकरांत
माती तपासायचं काम माझ्याकडे आलं.
सहा बोअर घेतले.
वर विटांचा चुरा, खाली राख,
त्याखाली शिसं, आर्सेनिक, आणि चौथ्या नळीत
चमच्याचा दांडा.
प्रयोगशाळेच्या फॉर्मवर चमच्यासाठी रकाना नव्हता.

आराखडा देखणा आहे, खोटं कशाला बोलू.
छपरांवर गवत, भिंतींवर शेवाळ,
पावसाचं पाणी संडासांना, उन्हाची वीज लिफ्टला,
सर्व्हरच्या धगीवर शेजारच्या शाळेचे रेडिएटर.
चित्रातली माणसं झाडून सगळी तिशीतली,
हातात कॉफी,
आणि कुणाचीच सावली पडत नाही.

मंगळवारी फाटकाशी एनिड स्टॅनिफोर्थ येते,
कुत्र्याला घेऊन. वय चौऱ्याऐंशी.
सोळाव्या वर्षापासून इथे काटेचमचे घासले तिने,
पोटाला खाकी कागद गुंडाळून, डोक्याला लाल फडकं.
"घरी जाताना नाक काळं,
आणि आमची गाणी ऐकून फोरमनचे कान लाल."
मी तिला दांडा दाखवला.
तिने अंगठा फिरवला, उजेडात तिरका धरला.
"हा आमचा नाही. असलं काम केलं असतं
तर पगार कापला असता माझा."
आणि खिशात टाकला.

नदीकाठी एक अंजिराचं झाड आहे.
पोलाद निववलेलं पाणी डॉनमध्ये सोडायचे तेव्हा
नदी बाराही महिने कोमट असायची.
कुणाच्या तरी रविवारच्या बिस्किटातलं बी
पोटातून, गटारातून वाहत आलं,
ऊब पाहून थांबलं.
मग भट्ट्या विझल्या. पाणी गार पडलं.
त्यानंतर नवं रोप नाही.
हे दरवर्षी फळ धरतं, पिकवत नाही.

यादीत मला लिहायचं होतं :
परदेशी प्रजाती, एक. काढावी.
त्याजागी बर्च, अठ्ठावीस, देशी.
(रोपं हॉलंडहून येणार.)

आमच्याकडे, मी एनिडला सांगितलं,
खूप दिवसांनी दिसलेल्या माणसाला उंबराचं फूल म्हणतात.
उंबर म्हणजे याचाच भाऊबंद.
फुलतो आतल्या आत, कुणाला दिसत नाही.
तिने कुत्र्याचा पट्टा सैल केला.
"मग फुललाय हे कळतं कसं तुम्हाला?"
मला सांगता आलं नाही.

रात्री लिहिलं :
मुळं काठाच्या भिंतीत शिरली आहेत,
झाड काढल्यास भिंत ढासळेल.
हे निम्मं खरं आहे.
कुठलं निम्मं, ते कुणी विचारलं नाही.

सुधारित आराखड्यात झाड आलं.
त्याखाली बाक, बाकावर तोच तिशीतला, तीच कॉफी.
एनिडने चष्मा पुसून पाहिलं :
"कुत्रा कुठाय?"

या खेपेला झाडाला सावलीही दिलीय त्यांनी.
दक्षिणेला पडलीय, फाटकाकडे.
या देशात तिकडे सावली पडत नाही.
मी दुरुस्ती पाठवलेली नाही.