बाराला एक मिनिट

आमचा कार्यक्रम रात्री अकराला लागायचा,
केबलच्या सतरा नंबरावर,
क्लॉथ मार्केटमागच्या साड्यांच्या गोदामावरून, लाइव्ह.
सोफा भंडारींच्या घरचा. फुलदाणी प्रायोजकांची.
टाळ्या टेपवरच्या.
कोपऱ्यात प्लायवूडच्या चौथऱ्यावर आम्ही तिघं:
ड्रमवर इकराम, सॅक्सोफोनवर सायमन,
कीबोर्डवर मी,
सकाळी शाळेत प्रार्थनेची पेटी वाजवणारे तेच हात.

काम म्हणाल तर चार सेकंदांचं.
विनोद झाला की टडम्-छीस.
पाहुणा आला की आठ मात्रा, बसला की बंद.
विनोद पडला तर थोडं जास्त,
पडल्याचा आवाज येऊ नये म्हणून.
आख्खं गाणं आम्ही कधी वाजवलंच नाही.
इकराम म्हणायचा, वरातीत निदान
नवरदेव घोडीवरून उतरेपर्यंत तरी वाजवू देतात.

कॅमेरा आमच्याकडे वळत नसे.
भंडारी उजवीकडे कलले तरच
त्यांच्या खांद्यामागे माझं कोपर दिसायचं.
बाबा जागे असायचे. आवाज बंद करून बघायचे;
कान ते मिलच्या साचेखात्यातच ठेवून आले होते.
दीड वाजता मी चपला काढत असले की म्हणायचे,
"आज दिसलं. दोनदा."

मग एका बुधवारी गेंदालालजी आले.
मिलचा भोंगा द्यायचे. एकतीस वर्षं.
पांढरा सदरा, गळ्यापर्यंत बटणं.
माइक लावणाऱ्या पोराला नमस्कार केला,
मग माइकलाही.
भंडारी रंगात होते.
म्हणाले, दादा, एकदा तोंडानं करून दाखवा ना,
कसा वाजायचा तो.
टडम्-छीस.
गेंदालालजींनी बाही सरकवून घड्याळ बघितलं.
"अभी टाइम नहीं हुआ, भिया."

टेपवरचे लोक हसले.
ते हसले नाहीत.
हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले,
माणूस बॉयलरसमोर बसतो तसे.
बाराला एक मिनिट कमी होतं.

भंडारींनी टेबलाखाली बोटं फिरवली:
वाजवा, भरून काढा.
ही खूण तीन वर्षं आम्ही झोपेतही पाळली असती.
सायमननं रीड ओली केली आणि तशीच ओठात धरली.
माझं बोट कोमल निषादावर होतं, नुसतं होतं.
इकरामनं झांजेवर तळवा ठेवला.
ठरवलं कोणीच नव्हतं.
पंखा ऐकू आला.
खाली गोदामात कुणीतरी गाठोडं टाकलं, तेही.
भंडारींच्या कपाळावरची पावडर फुटत गेली.
चाळीस सेकंद.
तेवढ्यात घरोघरी लोक उठतात
आणि टीव्हीमागची वायर हलवून बघतात.

बाराला साड्यांची जाहिरात लागली,
म्हणून शहरानं ऐकलं नाही.
आम्ही ऐकलं.
कसा होता, मला लिहिता येत नाही;
माझ्या कीबोर्डवर तेवढ्या खाली पट्टीच नाही.
नंतर जिन्यात इकराम एवढंच म्हणाला,
तळव्याखाली झांज आपली आपण वाजत होती,
दाबून धरली तरी.

प्रत्येकी दीडशे कापले त्या आठवड्याचे.
दिवाळीनंतर चॅनेलच विकलं गेलं,
सतरा नंबरावर आता भजनं असतात.
सायमन भोपाळला. इकराम पुन्हा वरातीत.

त्या रात्री मी घरी आले तेव्हा
बाबा टीव्हीसमोर उभे होते, चष्मा हातात.
"कोपर बराच वेळ दिसलं आज. हलत नव्हतं."
मग चष्मा पुसता पुसता,
"गेंदा होता ना तो?
वेळेवर दिला?"

मी मान हलवली.

भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाले,
म्हणजे आपलंच चार मिनिटं पुढे आहे,
आणि त्यांनी स्टूल ओढलं.