शुद्धिपत्र

ग्वाल्हेरात, लष्करमध्ये, दाल बाजाराच्या मागच्या बोळातून
एक दैनिक निघत असे. नाव ‘चंबळ’.
नदीला सगळे चंबल म्हणत.
पळशीकरांनी मुद्दाम ळ घातला.
म्हणाले, येताना एवढं एकच अक्षर आणलंय आपण,
बाकी सगळं इथलं आहे, पाणीसुद्धा.

पहिल्या अंकाच्या दोनशे प्रती.
पायाने चालवायचं यंत्र, दरबारच्या छापखान्याने मोडीत काढलेलं.
महाराजांच्या वाढदिवसाला सोनेरी शाई,
एरवी कागद इतका पातळ
की मागच्या पानावरचा म्हशींचा लिलाव
अग्रलेखातून आरपार दिसे.

मी आले ते साठ साली. वय वीस, काम मुद्रितं तपासणं.
खिळे जुळवायला अजमेरी खाँ.
त्याला मराठी बोलता येत नसे, उलटी वाचता येई,
शिशातली, उजवीकडून डावीकडे.
ळला तो म्हणे, दो पेटवाला ल.

इथल्या फाउंड्रीत ळ ओतत नसत.
तो पुण्याहून यायचा, गोणपाटात शिवून, रेल्वेने.
त्या मे महिन्यात पार्सल इटारसीला अडकलं
आणि अकरा दिवस आम्ही लवर भागवलं.
नगरपालिका नाल्यातला गाल काढू लागली,
नळाची वेळ नलाची वेल होऊन भिंतीवर चढली,
डाल महागली.
एकाही वाचकाचं पत्र आलं नाही.
ज्याने त्याने घरचा ळ लावून घेतला.

त्याच महिन्यात तिकडे मराठीचं राज्य झालं.
इकडे बोळात एकच विषय : आता निघायचं का?
पळशीकरांनी रात्री अडीच वाजता अग्रलेख दिला.
शेवटचं वाक्य : आमची मुळे इथेच राहतील.
खण रिकामा होता.
सकाळी शहराने वाचलं : आमची मुले इथेच राहतील.

मला दिसलं होतं.
मुद्रित हातात होतं, पेन्सिल कानामागे.
ळ नव्हता हे खरं, पण दुसरा शब्द सुचवता आला असता.
नाही सुचवला.
वाटलं, हे जास्त बरं आहे.

मुलं गेली.
पळशीकरांची पुण्याला, मुळ्यांची भिलाईला,
माझा थोरला टोरोंटोला, तिथून तो मला
हवामान कळवतो.

खप अठराशे. नऊशे. चारशे दहा.
पुढे तर निधनवार्ता छापली
की त्याच दिवशी एक प्रत कमी काढायची.
अजमेरी खाँ वही ठेवत असे.
एकदा म्हणाला, आज मुळ्ये गए,
अब ळ कम लगेगा.

शेवटचा अंक मंगळवारचा.
शेवटचा म्हणून त्यात कुठे लिहिलेलं नव्हतं,
बुधवारी कागद आला नाही, इतकंच.
यंत्र किलोवर गेलं.
मथळ्याचा लाकडी ठोकळा कुठे गेला विचारू नका,
मला ठाऊक आहे.

शुद्धिपत्र तेवढं राहिलं.
वहीत कितीदा तरी लिहून पाहिलंय :
‘मुले’च्या जागी ‘मुळे’ असे वाचावे.
मग ‘मुळे’वरही पेन्सिल अडते.
तेही बरोबर आहे, असं सही करून
कोण देणार?

परवा अजमेरी खाँच्या नातवाचा फोन आला.
फैजान. नई सडकेवर पत्रिका छापतो, संगणकावर.
बुआजी, वो दो पेटवाला ल इसमें किधर है?
लडकीवाले काळे हैं, मैंने काले छाप दिया,
दुकान में खडे झगड रहे हैं.

मागून आवाज येत होते, चांगले चढलेले,
तीन-चार माणसांचे.
मी म्हटलं, थांबव त्यांना.
चष्मा घेतला, चपला घातल्या.